जुडगा

हॅनकॉकच्या चढावर, उणे एकोणीस अंशांत,
आईच्या मिनीव्हॅनचा पंखा बंद पडला
आणि त्याच क्षणी रेडिओही गेला.
दुपारच्या निधनवार्ता चालू होत्या.
"एल्मर वि..." एवढंच बोलून निवेदक गप्प.

आई म्हणाली, विर्ता की विटाला?
दोन्ही एल्मर तिच्या यादीतले,
दोघांनाही मंगळवारी वाटाण्याचं सूप लागतं.
मागच्या सीटवर अकरा डबे निवत चालले होते.

बाबांनी गराजातला दिवा लावला.
टॉर्च धरायचं काम लहानपणापासून माझं,
आणि टॉर्च भलतीकडेच असतो, हेही लहानपणापासूनचं.
"इकडे गं, आयली. माझ्या नाकात काय बघायचंय?"

फ्यूज काढला, उजेडात धरला: तार शाबूत.
दुसरा: शाबूत.
हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी बसवला,
टक् म्हणाला. नुसताच टक्.
मग बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या,
तर पंखा असा घोंगावला
की मेपलचं पान, पेन्सिलीचा तुकडा
आणि कुणा उंदराचं मोडलेलं बिऱ्हाड
माझ्या मांडीवर येऊन पडलं.
म्हणजे पंखा निर्दोष.
रेडिओही तसाच, निर्दोष आणि मुका.

"दोघं एकदम गेले," बाबा म्हणाले,
"म्हणजे दोघांना एकाच विहिरीचं पाणी."
बत्तीस वर्षं त्यांनी शाळेचा बॉयलर सांभाळला.
यंत्राशी बोलताना त्यांचा आवाज मऊ होतो,
आमच्याशी तेवढा होत नाही.

मीटरवर बारा.
किल्ली जराशी हलली: शून्य.
पुन्हा बारा.
बाबा थांबले. किल्लीखाली लोंबणारा जुडगा
त्यांनी तळहातावर तोलला, मासा तोलावा तसा.
"सिल्वी! हे काय, जहाजाचा नांगर?"

आई कोट न घालताच गराजात आली.
ही रुडीची, त्याला घंटी ऐकू येत नाही.
ही हेलविगची, तिचे गुडघे.
ही पिवळ्या फितीची...
पिवळ्या फितीपाशी ती अडखळली.
त्या घराचं कुलूप नव्या मालकाने
मार्चमध्येच बदललंय.

बाबा म्हणाले, दर खड्ड्यात, दर वळणावर
हे ओझं खाली ओढतं,
आणि आत स्विचमध्ये नखाएवढं तांबं
घासून घासून काळं पडतं.
त्यांनी विचारलं, "आता न लागणाऱ्या किती?"
"सहा."
उत्तर फार पटकन आलं. मोजून ठेवलेलं होतं.

काढून टाक, असं बाबा म्हणाले नाहीत.
त्यांनी जुडग्याखाली हात धरला
आणि इंचभर वर उचलला.

पंखा सुरू झाला.
रेडिओ तलावावरून येणाऱ्या हिमवादळाबद्दल बोलू लागला.
एल्मरचं नाव केव्हाच सांगून झालं होतं.

नवा स्विच सोमवारी येईल.
तोवर कुणीतरी हे धरून बसायला हवं, बाबा म्हणाले,
म्हणून मी आईशेजारी बसले, डावा हात पुढे,
सहा बिनदाराच्या किल्ल्यांसकट
सगळ्यांना इंचभर अधांतरी धरून.
गरम हवा येत होती, उंदराच्या वासाची.
पंख्याचा वेग एकतर पहिला, नाहीतर चौथा,
मधले दोन लागतच नाहीत.
ते दुखणं वेगळं, त्याचं रेझिस्टर उन्हाळ्यात बघू.

विटालाच्या दारासमोरचा बर्फ लोटलेला होता.
कुणी लोटला, ते कळायला मार्ग नव्हता.
आईने इंजिन बंद केलं, रेडिओ विझला,
ती माझ्या मुठीतून जुडगा सोडवून घेऊ लागली,
आणि बोटं गोठल्यासारखी माझी मूठ
लवकर उघडेना.
"आण इकडे," ती म्हणाली, "सूप निवतंय."
पायऱ्या चढता चढता, खाली न बघता,
अंगठ्याने चाचपत,
ती एल्मरची किल्ली शोधत होती.